दारचा बहावा : उसाच्या गावातले एक फुलझाड



मागे एका खोडवा मेळाव्यात बेणे, बांधणी, खताचे हप्ते असे सगळे नेहमीचे विषय आम्ही सांगून झाले. "काही शंका असल्यास विचारा" असे म्हणताच मागच्या रांगेतून एका सभासदाच्या आईचा आवाज आला. "साहेब, उसाचं समदं सांगितलंत. माझ्या ल्येकानं बंगला बांधलाय, पुढं फरशी घातलीया. पर दारात एक झाड न्हाई. चैतात बगायचं तरी काय?" मंडपात हशा पिकला. आम्हीही हसलो. परंतु परतीच्या वाटेवर गाडीतून बघत आलो, तर आजींचे म्हणणे खोटे नव्हते. उसाने घरे पक्की झाली, पण बहुतेक घरांचे अंगण उघडे पडले. बांधावरची झाडे उसाला सावली नको म्हणून गेली, उरलेली फड पेटवताना होरपळली. म्हणून या अंकात उसाला थोडी सुट्टी देऊन आम्ही दारातल्या एका झाडाविषयी लिहीत आहोत. ते झाड म्हणजे बहावा.

बहावाच का?

थंड मुलुखात लोक घरापुढे फुलांसाठी क्रॅब ॲपल, म्हणजे रानसफरचंदाचे लहान झाड लावतात. वसंतात ते पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरून जाते. त्याची चित्रे पाहून कुणालाही मोह पडेल. पण त्या झाडाच्या कळ्या उमलण्याआधी त्याला हिवाळ्यात बरेच दिवस कडक थंडी लागते. ती अक्कलकोटला आणायची कुठून? आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जातो, पाऊस वर्षाला पाचशे ते सातशे मिलिमीटरच्या घरात, आणि तोही लहरी. आपल्याला थंडीची वाट बघणारे नव्हे, तर उन्हाची वाट बघणारे झाड हवे. बहावा नेमका तसा आहे. ऊन तापू लागले की तो पाने टाकतो आणि चैत्र-वैशाखात हात-दीड हात लांबीचे पिवळेधमक घोस लोंबू लागतात.

हे झाड परके नाही. संस्कृतात याला आरग्वध व राजवृक्ष म्हणतात, हिंदीत अमलतास, आणि आपल्या सीमाभागातील कानडी बोलणारी मंडळी कक्के म्हणून ओळखतात. केरळचे हे राज्यफूल असून तिथे विषू सणाला देवापुढे हीच फुले ठेवतात. थायलंडमध्ये हे राष्ट्रीय फूल आहे आणि तिथले त्याचे नावही 'राजवृक्ष' या शब्दावरूनच आलेले आहे. (महाराष्ट्राचे राज्यफूल ताम्हण. तेही देखणे, पण त्याला पाणी जास्त लागते.)

आमची फजिती

आम्ही स्वतः सुरुवातीला बहावा लावला नाही, गुलमोहर लावला. लवकर वाढतो, सावली देतो, म्हणून स्वयंपाकघरापासून सहा फुटांवर लावला. गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटावरचा. दिसायला राजा, पण लाकूड ठिसूळ आणि मुळे वरच्या थरात पसरणारी. एका वैशाखात वळवाचा वारा सुटला आणि मोठी फांदी थेट गोठ्याच्या पत्र्यावर आली. म्हैस दावं तोडून पळाली म्हणून वाचली. डिप्लोमा घेतलेल्या माणसाने झाड भिंतीला खेटून लावावे, याचे वडिलांनी जे ऐकवले ते इथे छापण्यासारखे नाही. सांगायचे तात्पर्य, झाड निवडताना त्याचे फूल बघावेच, पण लाकूड आणि मूळही बघावे. बहाव्याची वाढ संथ, लाकूड कठीण आणि सोटमूळ खोल जाणारे आहे.

जागा कोणती?

बहाव्याला दिवसभर ऊन पाहिजे. घराच्या भिंतीपासून किमान १५ फूट सोडावे, विजेच्या तारांखाली लावू नये. झाड मोठेपणी ३० फूट किंवा अधिक उंच होते, हे आज वीतभर रोप हातात असताना ध्यानात येत नाही.

आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीत पाणी साचले तर रोपाची मुळे कुजतात. म्हणून अंगणातला जरा उंचवटा निवडावा आणि खड्ड्यातील मातीत मुरूम मिसळावा. पाणथळ किंवा चोपण जागा असेल तर बहाव्याचा हट्ट धरू नये. तिथे करंज लावावा, तो क्षार सोसतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नंतर आम्हाला बोल लावू नका. ऐन चैत्रात बहाव्याला पाने नसतात, त्यामुळे दाट सावली मिळत नाही. नवी पालवी फुलांच्या मागोमाग येते. खाटेवर दुपारी पडायला सावली हवी असेल, तर घराच्या पश्चिमेला कडुनिंब लावा आणि समोर बहावा. एक अंगासाठी, दुसरा डोळ्यांसाठी.

रोप कसे करावे?

बहाव्याच्या शेंगा लांबलचक, दंडगोल. पिकल्या की काळपट तपकिरी होतात आणि झाडावरच महिनोन् महिने लोंबतात. माघ-फाल्गुनात एखादी शेंग फोडली, तर आत चकत्यांचे कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात चिकट काळ्या गरात एकेक बी सापडते. एका शेंगेत चाळीसपासून शंभरापर्यंत बिया निघतात. त्या धुऊन वाळवाव्यात.

या बियांचे कवच फार टणक. तशीच पेरली तर महिनोन् महिने पडून राहते आणि आपण म्हणतो, बी खराब निघाले. बी खराब नसते, आत पाणीच शिरलेले नसते. रानात कोल्हे-माकडे शेंगेचा गर खातात, त्यांच्या पोटातून गेल्यावर कवच मऊ पडते. आपण दगडावर किंवा पॉलिश पेपरवर बी एका कडेने घासावे, आतला फिकट भाग दिसेपर्यंत. डोळ्याची बाजू मात्र घासू नये. मग रात्रभर पाण्यात भिजवावे. सकाळी जे बी फुगले ते उगवणार, न फुगलेले पुन्हा घासावे. उसाची टिपरी लावताना आपण डोळा जपतो, तेच इथेही.

पिशवीत माती, वाळू व कुजलेले शेणखत समप्रमाणात भरून बी अर्धा इंच खोल लावावे. पहिल्या पावसापर्यंत रोप लहानच असते. ते मोठ्या पिशवीत वर्षभर वाढवून पुढच्या वर्षी मृगाचा पाऊस झाल्यावर अंगणात लावावे. त्याहून जास्त दिवस पिशवीत ठेवल्यास सोटमूळ गुंडाळते.

रोप विकत घेणाऱ्यांनी पान बघून घ्यावे, कारण बहावा म्हणून काशीदचे रोप हाती पडू शकते. बहाव्याच्या पानाला मोठ्या पर्णिकांच्या चार ते आठ जोड्या असतात आणि एकेक पर्णिका जवळजवळ तळहाताएवढी असते. काशीदच्या पर्णिका लहान व संख्येने जास्त असतात.

लागवड आणि निगा

१) मे महिन्यात दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन उन्हात तापू द्यावा.

२) वरची माती, मुरूम आणि दोन-तीन घमेली शेणखत यांनी खड्डा भरावा. कारखान्याचे प्रेसमड वापरायचे तर पूर्ण कुजलेलेच वापरावे. ताजे प्रेसमड कुजताना तापते आणि मुळांना चटका देते.

३) पिशवी पूर्ण फाडून काढावी, मातीचा गोळा फुटू देऊ नये. बांबूचा आधार द्यावा.

४) बुडाभोवती उसाचे पाचट चार बोटे जाड अंथरावे, मात्र खोडापासून वीतभर दूर. खोडाला चिकटले तर वाळवी लागते. फडातले पाचट जाळू नका असे आम्ही नेहमी सांगतो, त्यातले दोन भारे दाराशी आणा म्हणजे झाले.

५) पहिल्या वर्षी हिवाळ्यात आठवड्याला, उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी दहा-पंधरा लिटर पाणी द्यावे. पाण्याची टंचाई असेल तिथे तळाला छिद्र पाडून कापडाची वात घातलेले मडके रोपाशेजारी पुरावे. दुसऱ्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाणी पुरे.

६) पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर फवारणीचा पंप काढू नका. त्या बहुधा पिवळट पांढऱ्या फुलपाखरांच्या असतात. पाने खाल्ली तरी झाड पुन्हा फुटते.

७) छाटणी फुले येऊन गेल्यावर करावी. पानगळीनंतर लगेच कोयता चालवलात तर त्या वर्षीची फुले हातची गेली.

शेळ्या व गुरे बहाव्याची पाने सहसा खात नाहीत, ही एक सोय. तरी वासरू अंग घासते, म्हणून दोन वर्षे काटेरी कुंपण असावे.

मोठ्या झाडाला पाणी देत राहू नये. उसाच्या पाटाशेजारचा बहावा हिरवागार दिसतो, पण फुलायला कुचराई करतो. ऊस तोडणीआधी पाणी तोडले की साखर भरते, हे आपण जाणताच. बहाव्याचेही तसेच, थोडा ताण बसला की फुलतो.

दोन गैरसमज

पहिला : बहावा शेंगावर्गीय, म्हणून ताग-धैंच्याप्रमाणे जमिनीला नत्र देईल. देत नाही. त्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी धरत नाहीत.

दुसरा : बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस येतोच. फुलांवरून हंगामाचा अंदाज बांधण्याची रीत जुनी आहे, वराहमिहिराच्या बृहत्संहितेत त्यावर एक वेगळा अध्यायच आहे. बहावा दरसाल साधारण त्याच सुमारास फुलतो आणि पाऊसही साधारण त्याच सुमारास येतो, एवढाच तो मेळ. फुलण्याची तारीख वहीत जरूर टिपावी. पण पेरणी मात्र ओल बघूनच करावी.

शेंगेचा गर वैद्य लोक रेचक म्हणून वापरतात. गोड लागतो म्हणून मुलांना खाऊ देऊ नये, जुलाब लागतील. औषध म्हणून घ्यायचा तर वैद्याला विचारूनच.

शेवटी फायद्याचे

"साहेब, एकरी उतारा किती?" असे कुणीतरी विचारणारच. उतारा शून्य. फळ नाही, चारा नाही, लाकूड मिळेल ते नातवाला. बियांपासून फूल यायलाच पाच ते आठ वर्षे लागतात. आडसाली ऊस अठरा महिन्यांत तुटतो, त्याचे बिल येते आणि खर्चही होते. बहाव्याचे बिल कुणी काढत नाही. पण ज्या महिन्यात विहिरीने तळ गाठलेला असतो, रान उघडे असते, तेव्हा गावात एक झाड असे असते की ज्याला उन्हाची तक्रार नाही.

त्या आजींच्या दारात आम्ही गेल्या मृगात एक रोप लावून आलो. फुले कधी येतील, असे त्यांनी विचारले. "सहा-सात वर्षं लागतील" म्हणालो. त्यांनी हिशेब केला आणि म्हणाल्या, "लावा. मी न्हाई बघितली तर सून बघंल."

मे महिना आला की खड्डा घ्या. फूल बघायला आम्ही येऊच.

आपला,
ऊस विकास अधिकारी