पेटीतला रुपया आणि लाखांच्या गप्पा

शहापूर-मुरबाडकडच्या जुन्या घरांत पत्र्याची एखादी पेटी हमखास असते. तिच्या तळाशी फडक्यात बांधलेले दोन-चार राणीछाप किंवा राजाछाप रुपये निघतात, दादी-नानीने जपून ठेवलेले. आजवर त्यांची कोणी फारशी विचारपूस केली नव्हती. आता मोबाईलवर ‘हे नाणे असेल तर पाच लाख मिळवा’ असे व्हिडिओ फिरू लागले आणि पेट्या उघडल्या. आम्हाला उर्दू वाचता येते म्हणून पालक नाणी घेऊन शाळेत येतात. नाण्यावर काय लिहिले आहे हे क्वचितच कोणी विचारते. प्रश्न एकच असतो, किती येतील?

लाखांत, कोटींत विकली जाणारी नाणी खरोखरच आहेत. हिजरी 105 म्हणजे इ.स. 723 मधील उमय्या काळातला एक सोन्याचा दिनार 2011 मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे 37 लाख पौंडांना गेला. त्यावर हिजाजमधील अमीरुल मोमिनीन यांच्या खाणीचा उल्लेख कोरलेला आहे. अमेरिकेचे 1933 सालचे वीस डॉलरचे सोन्याचे नाणे 2021 मध्ये न्यूयॉर्कला सुमारे 1 कोटी 89 लाख डॉलरला विकले गेले. ही नाणी चार लाखांहून अधिक पाडली होती, पण चलनात न आणताच वितळवली गेली. त्यातून जी थोडी वाचली, त्यांतले एक इजिप्तचे बादशहा फारूक यांच्या संग्रहात होते.

पण नाणे केवळ जुने आहे म्हणून एवढी किंमत येत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीची तांब्याची झिजलेली नाणी आजही काही शे रुपयांत मिळतात. किंमत तीन गोष्टींवर ठरते: तशी नाणी किती उरली, ती हवी असणारे किती आहेत आणि हातातले नाणे कोणत्या अवस्थेत आहे.

मुरलेल्या संग्राहकाच्या हातात उत्तम अवस्थेतले दुर्मीळ नाणे आले तर तो काय करतो, हे पाहण्यासारखे असते. तो नाणे कडेने धरतो, मधल्या छापाला बोट लागू देत नाही. भिंगातून राजाच्या केसांच्या रेषा आणि मुकुटाचे मणी बघतो. टाकसाळीतून निघतानाची चमक शिल्लक आहे का, हे नाणे उजेडात तिरपे करून पाहतो. सुरुवातीला तो गप्पच असतो. मग शंका येते: एवढे कोरे कसे राहिले? नकली तर नाही? किमतीचे बोलणे सर्वांत शेवटी निघते, आणि तिथे संग्राहकांत दोन तट पडतात. एक म्हणतो, एवढ्या पैशांत मी शंभर साधी नाणी घेईन आणि त्यांतून शंभर गोष्टी शिकेन. दुसरा म्हणतो, शंभर कधीही मिळतील, हे पुन्हा दिसणार नाही.

अवस्था मोजायला 1 ते 70 अशी श्रेणी वापरतात. ती अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये मांडली. 60 आणि त्यापुढे म्हणजे चलनात न फिरलेले नाणे. श्रेणी ठरवून नाणे प्लॅस्टिकच्या बंद डबीत देणाऱ्या कंपन्याही आहेत. काहींना त्या डबीचा भरवसा वाटतो, तर काही म्हणतात, नाणे हाताला लागत नसेल तर मजा काय?

आपल्याकडचे उदाहरण 1911 च्या पंचम जॉर्जच्या रुपयाचे. राजाच्या वस्त्रावरच्या हत्तीची सोंड इतकी आखूड कोरली गेली की तो डुकरासारखा दिसू लागला. मुसलमानांनी नाराजी दाखवली. सरकारने नाणी मागे घेतली, बहुतेक वितळवली आणि 1912 पासून हत्ती नीट कोरला. लोक त्याला ‘डुकराचा रुपया’ म्हणू लागले. झिजलेला 1911 चा रुपया आजही बाजारात मिळतो, मात्र कोऱ्या अवस्थेतल्याला त्याच्या कितीतरी पट भाव येतो. 1939 चा चांदीचा रुपया त्याहून दुर्मीळ आहे. म्हणूनच 1938 च्या रुपयावरील 8 कोरून 9 करणारेही निघाले.

यातून घरासाठी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, नाणे घासू नका. चिंच, राख, लिंबू, टूथपेस्ट यांनी नाणे चकाकते, पण मूळ चमक कायमची जाते, आणि संग्राहकाच्या नजरेत किंमतही. माळेत ओवण्यासाठी कडी जोडलेला रुपया दागिना म्हणून मोलाचा असतो. संग्राहक मात्र त्याला चांदीच्या भावापलीकडे फारसे देत नाही. जुन्या पूर्ण रुपयाचे वजन सुमारे 11.66 ग्रॅम म्हणजे एक तोळा असते आणि त्यात जवळपास 92 टक्के चांदी असते. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली.

दुसरी, पैसे घ्यायचे तर आधी पैसे भरू नका. ‘तुमचे नाणे मंजूर झाले, आता नोंदणी, कमिशन आणि कर भरा’ असा फोन आला की समजावे, ही फसवणूक आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीरच केले की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती त्यासाठी कोणतेही शुल्क मागत नाही. आमच्या ओळखीच्या एका घराने तीन हप्त्यांत जे भरले, तेवढ्यात मुलीची वर्षाची फी झाली असती.

तिसरी, शेत नांगरताना किंवा पाया खणताना नाणी सापडली तर ती वाटून घेऊ नका. 1878 च्या कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी नेण्याविरुद्ध 1972 चा कायदा आहे, हेही आखातात जाणाऱ्या मुलांना सांगून ठेवावे.

आणि एक गोष्ट आनंदाची. कंपनी सरकारच्या जुन्या सुरती रुपयावर बादशहा शाह आलमचे नाव फारसी लिपीत असते आणि जुलूसी सन 46 असतो. राजा बदलला तरी कंपनी तोच सन छापत राहिली. सातव्या एडवर्डच्या रुपयावरही ‘यक रुपिया’ हे शब्द फारसी लिपीत आहेत. संग्राहक भिंग लावून जे अक्षर-अक्षर जुळवतो, ते आपल्या उर्दू शाळेतला सातवीतला मुलगा किंवा मुलगी थोड्या सरावाने वाचू शकते. मुलांना एकदा आसनगावहून लोकलने मुंबईला फोर्टमधील रिझर्व्ह बँकेच्या नाणी संग्रहालयात न्यावे. 2004 मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी त्याचे उद्घाटन केले होते. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांवर संशोधन करणारी संस्थाही आहे. जाण्यापूर्वी वेळ विचारून घ्यावी.

पेटीतल्या रुपयाचे लाख येतीलच असे नाही, बहुतेकदा येणार नाहीत. तो कोणत्या सालचा, कोणत्या टाकसाळीचा आणि घरात कोणाकडून आला, हे एका चिठ्ठीवर लिहून त्याच फडक्यात ठेवावे. पुढे विकायची वेळ आलीच, तर घर निदान फसणार नाही.