डोळ्यांभोवतीची गाठ आणि कारणाचा शोध

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फिकट गुलाबी चट्टा उमटतो, कधी पापणीत गाठ येते, कधी डोळा किंचित पुढे आल्यासारखा दिसतो. दुखत नसल्यामुळे दुर्लक्ष होते. अशा काही गाठी लिम्फोमाच्या, म्हणजे शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाच्या असतात. असा रोग घरात शिरला की 'मागल्या जन्मीचे भोग' हे शब्द आजही आपल्या वस्त्यांत कानी पडतात, याचा आम्हांस खेद होतो. पूर्वजन्मीच्या कर्माची ही कल्पना बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारली आहे. कारण याच जन्मात, याच जगात शोधावे लागते.

तसा शोध प्रथम जठरात लागला. वोदरस्पून, आयझॅकसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली जठराच्या मंदगती लिम्फोमाच्या ६ रुग्णांना प्रतिजैविके दिली. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू नष्ट होताच ५ जणांचा लिम्फोमा ओसरला. जंतू वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला की त्याच्याशी झुंजणाऱ्या पेशी वाढतच राहतात आणि त्या अखंड वाढीत एखादी पेशी बिघडून बेलगाम होते, अशी ही उपपत्ती आहे.

डोळ्यांबाबत तोच प्रश्न इटलीत विचारला गेला. फेरेरी व सहकाऱ्यांना २००४ साली ४० नमुन्यांपैकी ३२ मध्ये क्लॅमिडिया सिटासी या जिवाणूचा डीएनए आढळला. हा जिवाणू पोपट, कबुतरे अशा पक्ष्यांकडून माणसांत येतो; आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला छळणाऱ्या खुपऱ्यांच्या जंतूचा तो चुलतभाऊच म्हणावा. डॉक्सिसायक्लिन दिल्यावर काही रुग्णांच्या गाठी आटल्या.

परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला एका साक्षीवर निकाल देता येत नाही, आणि येथेही तसेच घडले. २००६ सालच्या तुलनात्मक अभ्यासात हे प्रमाण जर्मनीत ४७ टक्के, ब्रिटनमध्ये १२, दक्षिण चीनमध्ये ११, तर खुद्द इटलीतील नमुन्यांत अवघे १३ टक्के निघाले. अन्य काही ठिकाणी जिवाणू मुळीच सापडला नाही. उलट, ज्यांच्यात तो सापडला नव्हता अशा काहींनाही त्याच औषधाने गुण आला! म्हणून हा जिवाणू काही प्रदेशांत, काही रुग्णांत कारणीभूत असू शकतो, एवढेच आज म्हणता येते. आम्हांस ही सावध भाषा मोलाची वाटते.

गाठीचा तुकडा काढून तपासल्याविना निदान होत नाही, आणि डॉक्सिसायक्लिन हे दुकानातून आणून आपल्या मनाने घेण्याचे औषध नव्हे. रोग डोळ्याभोवतीच मर्यादित असेल तर बहुधा किरणोपचार देतात, आणि त्याने गाठ सहसा आटोक्यात येते.