नॉटिंगहॅमच्या इमारती : सांगितलेले वय आणि खरे वय

इंग्लंडच्या मध्यभागातील नॉटिंगहॅम शहरात 'सर्वांत जुना पब आमचाच' असे सांगणारे तीन पब आहेत आणि एकाकडून दुसऱ्याकडे पायी जायला काही मिनिटे पुरतात. किल्ल्याच्या कड्याला टेकून उभ्या असलेल्या 'ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम'च्या पांढऱ्या भिंतीवर ११८९ हे साल ठळक रंगवलेले आहे. 'सॅल्युटेशन' आपले साल १२४० सांगतो, तर बाजारचौकालगतचा 'बेल' १४३७. शहरातल्या प्रत्येक पिढीने हा वाद ऐकलेला आहे, आणि ज्याचा त्याचा आवडता पब हाच ज्याचा त्याचा निकाल असतो.

११८९ हे पहिल्या रिचर्ड राजाच्या राज्यारोहणाचे वर्ष. धर्मयुद्धासाठी जेरुसलेमकडे निघालेले त्याचे योद्धे येथे थांबून बिअर प्यायले, ही कथा शहरात सर्वांना पाठ आहे. तिला आधार देणारा एकही कागद मात्र नाही. रस्त्यावरून दिसणारी पबची इमारत साधारण १६५० च्या सुमाराची आहे, आणि 'ट्रिप टू जेरुसलेम' हे नाव कागदोपत्री अठराव्या शतकाच्या अखेरीस येते. त्याआधी तो 'पिलग्रिम' म्हणून ओळखला जाई. 'ये ओल्ड' हा तर नंतरच्या हौशी काळात खोवलेला तुरा. तरीही दावा पूर्णपणे हवेतला म्हणता येत नाही, कारण पबच्या मागच्या खोल्या किल्ल्याखालच्या वालुकाश्मात कोरलेल्या आहेत आणि किल्ल्यासाठी बिअर गाळण्याचे काम या गुहांत होत असण्याचा संभव आहे. वरच्या एका खोलीत छताला जहाजाची एक जुनी प्रतिकृती टांगलेली आहे. तिच्यावरची धूळ झटकणाऱ्या तिघांना मृत्यू आला, अशी आख्यायिका असल्यामुळे तिला कोणी हात लावत नाही. धुळीची जाड पुटे चढलेले ते जहाज आता काचेच्या पेटीत ठेवले आहे, आणि ते पाहायला लोक मुद्दाम जिना चढतात.

तीन पबांचा हा वाद १९९८ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या निमित्ताने तपासला गेला. त्यात निर्णायक ठरले ते लाकूड. ओकच्या झाडाला दरवर्षी एक वलय येते. पावसाळी वर्षात ते रुंद, कोरड्या वर्षात अरुंद. एका प्रदेशातील झाडांना हवामान सारखेच मिळत असल्याने रुंद-अरुंद वलयांचा क्रमही त्या सर्वांत जवळपास सारखा उमटतो. तुळईतून पेन्सिलीएवढ्या जाडीची एक कांडी पोकळ गिरमिटाने काढायची, सूक्ष्मदर्शकाखाली वलये मोजायची आणि वय माहीत असलेल्या लाकडांवरून तयार केलेल्या शेकडो वर्षांच्या आलेखाशी ती जुळवायची, अशी ही पद्धत आहे. सालीलगतचे शेवटचे वलय शाबूत असेल तर झाड कोणत्या हिवाळ्यात तोडले, इथपर्यंत सांगता येते. ते तासून टाकलेले असेल तर काही वर्षांचा अंदाज बांधावा लागतो. वाळलेला ओक कापायला फार कठीण जातो, म्हणून मध्ययुगीन सुतार तो ओलाच वापरत. झाड तोडल्याचे वर्ष हेच त्यामुळे बहुधा घर उभे राहिल्याचेही वर्ष असते, फार तर एक-दोन वर्षे इकडेतिकडे.

'सॅल्युटेशन'चे लाकूड १३६० च्या सुमाराचे निघाले, म्हणजे दाव्यापेक्षा शंभराहून अधिक वर्षांनी अलीकडचे. 'बेल'चे १४२० च्या आसपासचे ठरले. गंमत अशी, की तिघांमध्ये ज्याने सर्वांत कमी वय सांगितले, त्याने ते खऱ्यापेक्षाही थोडे कमी सांगितले होते. 'ट्रिप'च्या गुहांबाबत ही पद्धत निरुपयोगी होती, कारण दगडाला वलये नसतात. भिंतीवरचा ११८९ त्यामुळे आजही तसाच आहे, आणि पर्यटक त्याच्यासमोरच उभे राहून छायाचित्रे काढतात.

जुन्या इमारतींविषयी गावात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी सहसा जवळच्या प्रसिद्ध नावाकडे किंवा घटनेकडे झुकतात. इंग्लंडच्या गावोगावी एक तरी घर असे असते, जिथे पहिली एलिझाबेथ राणी मुक्कामाला होती. पडक्या भिंतीचे खापर क्रॉमवेलच्या तोफांवर फुटते. विटांनी बुजवलेली खिडकी दिसली की १६९६ ते १८५१ या काळातल्या खिडकीकराची आठवण काढली जाते. कर चुकवण्यासाठी खिडक्या बुजवल्या गेल्या हे खरेच आहे, पण कित्येक 'बुजवलेल्या' खिडक्या मुळातच आंधळ्या बांधलेल्या असतात. आत चूल किंवा जिना आला आणि बाहेरून दर्शनी भाग सममित दिसायला हवा असला, तर गवंडी खिडकीचा नुसता कोनाडा काढून देत.

सर्वांत चिवट समजूत जहाजांच्या लाकडाची. समुद्रापासून शंभर किलोमीटर दूर असलेल्या गावातही लाकडी घराच्या वाकड्या तुळया दाखवून 'या जुन्या गलबताच्या' असे सांगितले जाते. पुरावा म्हणून त्या तुळयांमधल्या रिकाम्या खाचा आणि खुंट्यांची भोके दाखवतात. प्रत्यक्षात त्या खाचा बहुतेक वेळा आधीच्या घराच्या असतात, कारण चांगला ओक महाग होता आणि पाडलेल्या घराचे लाकूड कोणी वाया जाऊ देत नसे. तुळया वाकड्या दिसतात त्या ओले लाकूड जागेवरच वाळल्याने, किंवा वाकडी फांदी सुताराने जाणून निवडल्याने. अपवाद मात्र आहेत. हॅम्पशरमधील विकम येथे १८२० मध्ये बांधलेल्या पिठाच्या गिरणीत ब्रिटिशांनी १८१३ मध्ये पकडलेल्या 'चेसापीक' या अमेरिकी युद्धनौकेचे लाकूड आहे. लंडनमधील 'लिबर्टी' या दुकानाच्या १९२० च्या दशकातल्या इमारतीत 'इम्प्रेग्नेबल' आणि 'हिंदुस्तान' या दोन युद्धनौकांचे लाकूड वापरले आहे. या दोन्ही इमारतींची गोष्ट टिकली, याचे कारण ती कागदावरही होती.

भुयारांच्या कथाही अशाच सर्वत्र ऐकू येतात. चर्चपासून पबपर्यंत, मठापासून किल्ल्यापर्यंत भुयार असल्याचे सांगतात आणि खणून पाहिले तर बहुधा तळघर किंवा मोरी निघते. नॉटिंगहॅम याला मोठाच अपवाद आहे. हे शहर मऊ वालुकाश्मावर वसलेले आहे, साध्या हत्यारांनीही तो कोरता येतो, आणि शहराखाली आजवर आठशेहून अधिक मानवनिर्मित गुहांची नोंद झाली आहे. १३३० मध्ये तरुण राजा तिसऱ्या एडवर्डच्या माणसांनी रात्री एका गुप्त वाटेने किल्ल्यात शिरून, राजाच्या नावाने सत्ता चालवणाऱ्या रॉजर मॉर्टिमरला पकडले. 'मॉर्टिमरची बिळवाट' म्हणून पर्यटकांना दाखवला जाणारा मार्ग नेमका तोच आहे की नाही, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण बाकीच्या गुहांचा उपयोग साधा, रोजचा होता. कुठे बार्ली भिजवून मोड आणायचे, कुठे पिंपे साठवायची, कुठे कातडी कमवायची. गुहांत गरिबांची कुटुंबेही राहत. अशा जागा राहायला भाड्याने देण्यावर १८४५ मध्ये कायद्याने बंदी आली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बवर्षावापासून बचावासाठी याच गुहा पुन्हा माणसांनी भरल्या.

लाकूड इमारतीचे वय सांगते, पण त्या इमारतीत कोण राहिले आणि काय चालले, हे सांगायला कागद लागतात. इंग्लंडमधील शहरांत असे कागद भरपूर आहेत. घरमालकीचे दस्त, करांच्या पावत्या, रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक दुकानदाराचे नाव व धंदा छापणाऱ्या व्यापारी डिरेक्टऱ्या आणि १८४१ पासून प्रत्येक घरातील माणसांची नावे नोंदणारी जनगणना. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारी मोजणी खात्याने चार हजारांहून अधिक वस्तीच्या शहरांचे जे मोठ्या प्रमाणाचे नकाशे काढले, त्यांत रस्त्यावरचे दिव्यांचे खांबसुद्धा दाखवलेले आहेत.

या साखळीत एक मोठे भगदाड आहे. जनगणनेचे तपशील शंभर वर्षे बंद ठेवले जातात. १९२१ चे तपशील २०२२ मध्ये खुले झाले. १९३१ ची इंग्लंड आणि वेल्सची मूळ कागदपत्रे १९४२ मध्ये आगीत जळाली, आणि १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणना झालीच नाही. १९५१ ची पाने उघडायला अजून बराच अवकाश आहे. मधल्या तीन दशकांसाठी सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धकालीन ओळखपत्रांसाठी झालेली नोंदणी सोडली, तर घराघरांचा असा दुसरा मोठा दस्तऐवज नाही. म्हातारी माणसे 'या कोपऱ्यावर पावाची भट्टी होती, वरच्या मजल्यावर शिवणकाम चाले' असे सांगतात, तेव्हा ती कागदांतले हे भगदाडच बुजवत असतात. इमारत कोणत्या शतकातली, हे विचारले तर त्यांचे उत्तर पुष्कळदा चुकते. तिथे रोज काय चालायचे, हे मात्र ती सहसा बरोबर सांगतात, कारण ते त्यांनी पाहिलेले असते.

नॉटिंगहॅमच्या लेस मार्केटमधल्या इमारतींनाही असाच रोजच्या कामाचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात यंत्रावर विणलेल्या लेसचा जगभरचा व्यापार या काही गल्ल्यांतून चाले. उंच, विटांची गोदामे आणि वरच्या मजल्यांवर मोठाल्या खिडक्या, कारण लेसमधला दोष पकडायला भरपूर उजेड लागे. टी. सी. हाइन या वास्तुरचनाकाराने उभारलेली 'अ‍ॅडम्स बिल्डिंग' १८५५ मध्ये खुली झाली. मालक टॉमस अ‍ॅडम्स धार्मिक वृत्तीचा होता. कामगारांसाठी त्याने इमारतीतच प्रार्थनागृह बांधले आणि चहापानाची खोलीही दिली. लेसचा धंदा बसल्यावर अशी अनेक गोदामे ओस पडली, आणि याच इमारतीत पुढे महाविद्यालय भरू लागले. महाराष्ट्रातील जुन्या पिढीला माहीत असलेली रॅले सायकल याच शहराची. रॅडफर्ड भागातला तिचा अवाढव्य कारखाना एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंद झाला आणि पाडलाही गेला. हजारो कुटुंबांच्या आठवणी आता तिथल्या मोजक्या उरलेल्या इमारतींभोवती गोळा झाल्या आहेत.

ज्या इमारती उरल्याच नाहीत, त्यांच्याविषयी शहर सर्वांत जास्त बोलते. १९६० च्या दशकात मोटारींसाठी मेड मेरियन वे हा रुंद रस्ता जुन्या वस्तीतून काढला गेला. त्याच सुमारास ब्रॉडमार्श या खरेदी संकुलासाठी ड्रूरी हिल ही अरुंद, चढणीची गल्ली पाडली. खालच्या गुहा काँक्रीटने बुजवल्या जाणार होत्या, पण स्थानिक हौशी इतिहासप्रेमींनी आरडाओरडा केल्यामुळे त्या वाचल्या, आणि त्यांतली कातडी कमावण्याची मध्ययुगीन जागा आज लोकांना पाहता येते. त्याच संकुलाच्या वाटेत आलेले पंधराव्या शतकातले एक व्यापाऱ्याचे लाकडी घर सुटे करून किल्ल्यासमोर पुन्हा जोडले. सांधे खुंट्यांचे असल्यामुळे असे घर उलगडता येते, हा लाकडी बांधणीचा एक फायदाच. व्हिक्टोरिया रेल्वे स्थानक १९६७ मध्ये बंद पडले. ते पाडले, फक्त घड्याळाचा मनोरा ठेवला. तो आता एका खरेदी संकुलापुढे एकटाच उभा आहे. वास्तुरचनाकार वॉटसन फॉदरगिल याने बांधलेले 'ब्लॅक बॉय' हॉटेल १९७० मध्ये पाडले आणि तिथे एक साधी दुकानाची इमारत आली. व्हिक्टोरियन काळातल्या वास्तूंना त्या वेळी कोणी फारशी किंमत देत नसे. आज फॉदरगिलच्या उरलेल्या इमारती पाहण्यासाठी लोक गटागटाने पायी फिरतात.

इमारती वाचवण्याचा कायदा मुख्यतः वयाकडे आणि वास्तुकलेकडे पाहतो. १९४७ च्या नगररचना कायद्यानंतर इंग्लंडमध्ये ऐतिहासिक इमारतींची अधिकृत यादी सुरू झाली. तिच्या तीन श्रेणी आहेत आणि नव्वद टक्क्यांहून अधिक इमारती सर्वांत खालच्या श्रेणीत आहेत. १७०० पूर्वीची आणि मूळ रूप बऱ्यापैकी राखून असलेली जवळपास प्रत्येक इमारत यादीत असते; त्यात फेरफार करायचा तर परवानगी लागते. गल्लीतला साधा, शंभर वर्षांचा पब मात्र या चाळणीतून सहज गळतो. त्याच्यासाठी २०११ च्या एका कायद्याने दुसरी वाट काढली. किमान एकवीस स्थानिक रहिवासी एखादा पब, दुकान किंवा सभागृह 'समाजाच्या मोलाची मालमत्ता' म्हणून नोंदवण्याची मागणी करू शकतात. तिथे जुने लाकूड आहे की नाही, हा प्रश्न त्यात येत नाही. लोक ती जागा वापरतात किंवा अलीकडेपर्यंत वापरत होते, एवढे दाखवावे लागते. अशी नोंद पाच वर्षे टिकते. त्या काळात मालकाने जागा विकायला काढली, तर ती विकत घेण्यासाठी पैसे उभे करायला गावकऱ्यांना सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळते. मालकाने ती त्यांनाच विकावी, असे बंधन मात्र कायद्यात नाही.