राहते घर, ऋण आणि वास्तव्याची मुदत

ऋणकोचे किडूकमिडूक विकून धनकोचे पैसे भागवावेत, हा न्यायाचा जुना शिरस्ता. पण डोक्यावरचे छप्परही त्यात जावे काय? या प्रश्नाला टेक्सासने १८३९ मध्ये स्पष्ट नकार दिला. टेक्सास तेव्हा स्वतंत्र प्रजासत्ताक होते. १८३७ च्या आर्थिक अरिष्टात बुडालेले अनेक अमेरिकन तेथे आश्रयास येत होते आणि नव्या राष्ट्रालाही वस्ती हवी होती. म्हणून कुटुंबाची ५० एकर जमीन अथवा गावातील घराची जागा जप्तीबाहेर ठेवण्यात आली. पुढे अमेरिकेच्या बहुतेक राज्यांनी हे तत्त्व आपापल्या मर्यादेत स्वीकारले. टेक्सास व फ्लॉरिडा येथे मर्यादा आहे ती जमिनीच्या क्षेत्रफळास; घराच्या किमतीस नाही.

या औदार्यातूनच चोरवाट निघाली. कर्जात बुडू लागलेला धनवान मनुष्य अन्य राज्यातील पुंजी गोळा करून फ्लॉरिडात हवेली घेई, काही महिने तेथे राही आणि मग दिवाळखोरीचा अर्ज करी. धनको हात चोळीत राहत! अर्जापूर्वीच्या १८० दिवसांपैकी अधिक काळ जेथे वास्तव्य, तेथील कायदा लागू, असा तेव्हाचा नियम होता. २००५ साली अमेरिकन काँग्रेसने तो बदलून ७३० दिवसांचा सलग अधिवास आवश्यक केला. शिवाय घर घेऊन १,२१५ दिवस झाले नसतील, तर संरक्षणास रकमेची मर्यादा घातली.

न्यू जर्सीत वर्षानुवर्षे राहिलेल्या एखाद्या मराठी इंजिनियराने ह्यूस्टनला जाऊन घर घेतले, असे समजा. वीस महिन्यांत त्याचे दिवाळे निघाले, तर टेक्सासचे छत्र त्यास लाभत नाही; न्यू जर्सीचे नियम पाहिले जातात. तीन वर्षांनी निघाले, तर टेक्सासचा कायदा लागतो; परंतु घराच्या किमतीतून त्यावरील कर्ज वजा जाता जे उरेल, त्यापैकी २,१४,००० डॉलरच सुरक्षित राहतात. (हा आकडा एप्रिल २०२५ पासूनचा, दर तीन वर्षांनी तो बदलतो.) लबाडासाठी विणलेल्या जाळ्यात नोकरीपायी स्थलांतर केलेला सरळ मनुष्यही सापडतो, हे या कायद्याचे वैगुण्यच म्हटले पाहिजे.

वास्तव्य म्हणजे रोजची हजेरी नव्हे. औषधोपचारासाठी वा कामानिमित्त काही काळ दूर गेलेल्याचा परतण्याचा हेतू कायम असेल, तर त्याचे घर सामान्यतः त्याचेच निवासस्थान मानले जाते. मात्र ज्या कर्जासाठी घरच गहाण पडले, ते कर्ज आणि घरपट्टी यांपुढे हे कवच चालत नाही.

भारतात दिवाणी प्रक्रिया संहितेचे, १९०८, कलम ६० याच जातीचे आहे. शेतकरी, मजूर किंवा घरगडी यांचे घर, ते स्वतः त्यात राहत असतील तर, जप्त करता येत नाही. मुंबई-पुण्यातील कचेरीत नोकरी करणाऱ्याचा या यादीत समावेश नाही.