दोघांपुरते छप्पर

पन्नाशी उलटली की डॉक्टर मंडळी एकमेकांना दोन सल्ले हमखास देतात. वजन कमी करा आणि चालायला लागा. आम्ही उभयतांनी हे दोन्ही सल्ले जरा अधिकच मनावर घेतले. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या फेऱ्यांपासून आरंभ झाला. मग येळ्ळूरचा राजहंसगड, पुढे चंदगड तालुक्यातील कलानिधीगड आणि पारगड. मुले आपापल्या मार्गाला लागल्यावर हिमालयाची ओढ वाटू लागली. कोणाच्या जथ्यात न जाता, एक स्थानिक वाटाड्या घेऊन, आपले सामान आपल्या पाठीवर वाहत जावे, असा बेत ठरला. त्यासाठी दोन माणसांचा एक हलका तंबू हवा होता.

खरेदी माझ्याकडे आली आणि ती मी दहा मिनिटांत उरकली. किंमत कमी, वजन दोन किलोंच्या आत आणि पिशवीवर दोन माणसांचे चित्र, एवढे पाहून मी पैसे मोजले. शिवणी उलगडून पाहिल्या नाहीत, की तंबू एकदाही गच्चीवर उभारून पाहिला नाही.

काही वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरातली ती रात्र. मनालीकडून हम्पता खिंडीकडे जाताना ‘बालू का घेरा’ या तळावर, साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर, आमचा मुक्काम होता. संध्याकाळी पावसाला आरंभ झाला. रात्री दहाच्या सुमारास छताच्या मधल्या शिवणीतून थेंब गळू लागले. बारा वाजेपर्यंत तळाच्या कापडातून पाणी वर आले होते आणि झोपण्याच्या पिशव्या ओल्या झाल्या होत्या. वाऱ्याच्या एका झोतात फायबरग्लासची एक काठी उभी चिरली आणि छप्पर आमच्या तोंडावर आले. सौभाग्यवती स्वतः बालरोगतज्ज्ञ. त्या प्रथम थडथड कापत होत्या. नंतर म्हणाल्या, “अहो, बटणं लागत नाहीयेत हो.” त्यांचे शब्द जड येत होते. बोटे वळेनाशी होणे आणि जीभ जड होणे यांचा अर्थ आपल्यापैकी कोणालाही सांगावा लागू नये. शरीराचे आतले तापमान पस्तीस अंशांकडे घसरू लागल्याच्या या खुणा. वाटाड्याने आम्हांला आपल्या राहुटीत घेतले, कोरड्या घोंगड्या दिल्या, गोड चहा करून पाजला. तासाभराने बोलणे पूर्ववत झाले. तो मुलगा सोबत नसता तर काय झाले असते, याचा विचार मी आजही टाळतो.

सकाळी सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “पेशंटला औषध लिहिताना स्वस्त आणि गुणकारी, दोन्ही बघता. तंबू घेताना स्वस्त तेवढं बघितलंत.”

त्या एका वाक्याने मला पुढचे दोन महिने अभ्यासाला बसवले. त्या अभ्यासाचे सार येथे मांडतो आहे. आपल्यातील बरीच जोडपी आता डोंगरवाटांकडे वळू लागली आहेत आणि अतिहलक्या परदेशी तंबूंच्या किमती पाहून पुष्कळ जण एक तर माघार घेतात, नाही तर माझ्यासारखी चूक करतात. वास्तविक मध्यम किमतीत निर्धोक तंबू मिळू शकतो. काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये, हे मात्र ठाऊक हवे.

प्रथम वजनाचा विचार करू. उतारावर गुडघ्यांवर देहभाराच्या कैक पट भार येतो, त्यामुळे पाठीवरचा प्रत्येक किलो महत्त्वाचा खरा. परंतु दोघांचा तंबू दोघांनी वाहावयाचा असतो. महागडा तंबू १.४ किलोचा आणि बेताच्या किमतीचा २.४ किलोचा धरला, तर फरक एक किलोचा; दोघांत विभागला की प्रत्येकी केवळ पाचशे ग्रॅम. एकाने कापड घ्यावे, दुसऱ्याने काठ्या आणि खुंट्या. शेवटचे पाचशे ग्रॅम वाचवण्यासाठीच किंमत दुप्पट-तिप्पट होते आणि काटकसरीची खरी जागा तीच. एक सावधगिरी मात्र हवी. काही उत्पादक खुंट्या, दोर आणि पिशव्या वगळून ‘किमान वजन’ मोठ्या अक्षरांत छापतात. आपण सर्व साहित्यासह वजन विचारावे आणि घरी काट्यावर ताडून पाहावे.

दुसरा विचार मापाचा. प्रत्येकी सुमारे ५० सेंटिमीटर रुंदीच्या दोन चटया मांडल्या की एक मीटर जागा तेथेच संपते. म्हणून तळाची रुंदी निदान १२५ ते १३० सेंटिमीटर असावी. लांबी २१० पेक्षा कमी नसावी. नाही तर पाय भिंतीला टेकून झोपेची पिशवी ओलावते. शक्य असल्यास दोन बाजूंना दोन दारे घ्यावीत. साठीकडे झुकलेल्या पुरुषाच्या प्रोस्टेटची कैफियत येथे विस्ताराने मांडावयास नको. मध्यरात्री सहचारिणीच्या अंगावरून रांगत जाण्याची वेळ टळते, एवढे सांगितले की पुरे.

तिसरा, आणि सर्वांत महत्त्वाचा, विचार पाण्याचा. तंबूच्या माहितीपत्रकात १५०० मि.मी., ३००० मि.मी. असे आकडे असतात. कापडावर पाण्याचा केवढा उंच स्तंभ उभा केला असता ते पाझरू लागते, याचे हे माप. आपल्याला पाऱ्याच्या स्तंभाची सवय. तेव्हा या आकड्यांना १३.६ ने भागावे. १५०० म्हणजे पाऱ्याचे सुमारे ११०, आणि ३००० म्हणजे सुमारे २२०. छतावर पडणाऱ्या पावसाचा दाब तसा बेताचाच असतो. तेथे १५०० ते २००० पुरते. जमिनीवर मात्र आपण गुडघा टेकतो, कोपर रोवतो, आणि तेवढ्याशा जागेवर दाब पुष्कळच वाढतो. म्हणून तळाचे कापड ३००० किंवा त्याहून अधिक क्षमतेचे हवे. शिवाय कापड कितीही उत्तम असले तरी सुई जाते तेथे भोक पडतेच. आतल्या बाजूने शिवणींवर पट्टी चिकटवलेली आहे की नाही, हे बोट फिरवून पाहावे. आमचा तंबू प्रथम गळला तो शिवणीतूनच. तळाखाली साध्या जाड प्लॅस्टिकचा तुकडा अंथरला तर कापडाचे आयुष्य वाढते. तो तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी चार-पाच सेंटिमीटर लहान कापावा. बाहेर डोकावला तर पावसाचे पाणी झेलून तोच आत आणतो.

बाहेरून येणाऱ्या पाण्याइतकेच आतले पाणीही त्रास देते. केवळ फुप्फुसांवाटे आपण दिवसाकाठी ३०० ते ४०० मिलिलिटर पाणी बाष्परूपाने सोडतो. दोघांचे मिळून रात्रीत मोठी वाटीभर होते, आणि थंड छताला लागताच त्याचे थेंब होतात. म्हणून एकेरी भिंतीचा तंबू आपल्याकडच्या दमट हवेत घेऊ नये. आत जाळीचा कप्पा, बाहेर जलरोधक आवरण आणि दोहोंत वितभर पोकळी, अशी दुहेरी रचना उत्तम. वरचा झरोका पावसातही उघडा ठेवता आला पाहिजे.

चौथा विचार काठ्यांचा. फायबरग्लासची काठी स्वस्त असते; परंतु ती मोडताना चिरते, आणि तिचे टोकदार तंतू हाताला व कापडाला फाडतात. अॅल्युमिनियमची काठी बहुधा वाकते, आणि तिच्यावर छोटी नळी चढवून रात्र निभावता येते. अस्थिभंगाला आपण खपाची बांधतो, तसाच हा उपचार. वरचे पैसे द्यावेत ते येथे.

चालण्याच्या काठ्यांवरच उभा राहणारा एक प्रकार हल्ली लोकप्रिय आहे. कल्पना जुनी आहे. नंगा पर्वतावर १८९५ साली प्राण गमावलेला इंग्रज गिर्यारोहक ममरी आपल्या हलक्या तंबूंना बर्फकुऱ्हाडींचाच आधार देत असे. हा प्रकार वजनाला आणि किमतीला कमी. परंतु तो उभा राहतो तो खुंट्यांच्या आणि तणाव्यांच्या बळावर. आंबोली, चोर्ल्याकडच्या जांभ्या खडकाच्या सड्यावर खुंटी शिरतच नाही. आपल्या भागात हिंडणाऱ्याने स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा घुमटाकार तंबूच घ्यावा.

तळ नसलेले नुसते छप्परही कोणी सुचवतील. वजन त्याचे सर्वांत कमी. परंतु आपण पश्चिम घाटाच्या कुशीत राहतो. शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली ओळखला गेलेला माकडताप २०१६ साली दोडामार्ग तालुक्यापर्यंत पोहोचला. तो पसरवणाऱ्या गोचिडींचा काळ हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा, म्हणजे नेमका आपल्या भटकंतीचाच. तळाला शिवलेली, पूर्ण बंद होणारी जाळी आपल्यासाठी चैन नसून प्रतिबंधक उपाय आहे.

आणखी एक इशारा. पाऊस असो वा थंडी, तंबूत स्टोव्ह पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडची हिमोग्लोबिनशी सलगी प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट, हे आपण पहिल्या वर्षी पाठ केले होते. थंडीने गारठलेल्या माणसाला त्याचा विसर पडतो. स्वयंपाक दाराबाहेर, उघड्यावर करावा.

तंबू घरी आला की गच्चीवर उभारावा, बागेच्या नळीने अर्धा तास पाणी मारावे आणि आत एक रात्र झोपावे. गळती घरी कळली तर दुरुस्तीला वाव असतो. सहलीहून परतल्यावर तो सावलीत खडखडीत वाळवूनच ठेवावा. ओला गुंडाळून ठेवला तर बेळगावच्या पावसाळी हवेत आतला पॉलियुरेथेनचा लेप चिकट होऊन सुटू लागतो आणि चांगला तंबूही निकामी होतो. मुक्कामाच्या जागेची परवानगीही आधी पाहावी. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली तेथील बुग्याळांवर रात्रीच्या मुक्कामास मनाई केली. आपल्याकडेही राखीव वनात राहण्यापूर्वी वनखात्याला विचारणे हे आपले कर्तव्य आहे.

आमचा दुसरा तंबू २.५ किलोचा आहे. अॅल्युमिनियमच्या काठ्या, दुहेरी भिंत, दोन दारे. पहिल्याच्या साधारण दुप्पट किमतीला पडला. परदेशी अतिहलक्या तंबूंच्या मानाने स्वस्तच. त्याची पहिली परीक्षा पारगडच्या पायथ्याशी, गावकऱ्यांच्या परवानगीने त्यांच्या अंगणात झाली. ऑक्टोबरातला परतीचा पाऊस रात्रभर कोसळत होता. दोनदा उठून मी विजेरीच्या उजेडात शिवणी तपासल्या, तळावर तळहात फिरवला. कोरडा होता. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा अंधारातून आवाज आला, “झोपा आता. तपासणी उद्याच्या राउंडला.”

मी झोपलो.