खाज सुटलीय, पांढरं जातंय, मग नवऱ्याजवळ जायचं का?

मैत्रिणींनो, मीटिंग संपते, बचतीची वही बंद होते, सगळ्या उठतात आणि एखादी ताई मागे रेंगाळते. "खाली लई खाज सुटलीय, पांढरं जातंय. रात्री मालक जवळ आले की नुसती आग होते. पण नाही कसं म्हणायचं?" हा प्रश्न इतक्या जणींनी हळू आवाजात विचारलाय, की या वेळी तो मोठ्यानेच घेऊ.

दह्यासारखं घट्ट पांढरं, फारसा वास नाही, पण खाज, लाली आणि लघवीला जळजळ. हे बरेचदा बुरशीचं इन्फेक्शन असतं. कॅन्डिडा नावाची ही बुरशी अनेक बायकांच्या अंगात थोडी असतेच. अँटिबायोटिक घेतल्या, दिवस राहिले किंवा साखर वाढली की तिचं फावतं. लग्न न झालेल्या मुलीलाही ती होते. त्यामुळे "हे कुठून आणलंस?" हे भांडण इथे बिनकामाचं.

संबंध आले तर फार मोठा अपाय होतो असं नाही. पण सुजलेली कातडी घासली की बारीक चिरा पडतात आणि आग वाढते. म्हणून औषध पुरं होऊन खाज थांबेपर्यंत थांबावं. बहुतेक वेळा आठवडाभराचा तर प्रश्न! क्लोट्रिमाझोलची गोळी रात्री झोपताना योनीत ठेवायची असते, किती रात्री ते डॉक्टर सांगतील. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. फ्लुकोनॅझोल ही पोटात घ्यायची गोळी गरोदरपणात टाळतात, तेव्हा पाळी चुकली असेल तर आधीच सांगा.

आणखी एक, जे दुकानदार सांगत नाही. योनीत ठेवायच्या या गोळ्या-मलमांनी निरोधचं रबर कमजोर होतं, तो फाटू शकतो. खोबरेल तेलानेही तसंच. तेव्हा त्या दिवसांत "निरोध आहे ना" या भरवशावर राहू नका.

आता नाही कसं म्हणायचं? सरळ सांगा, "औषध चालू आहे, डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय." जवळ झोपायला, मायेने बोलायला कुणाची मनाई नाही. त्यांनाही खाज किंवा पुरळ असेल तर दोघं मिळून दवाखान्यात जा, नसेल तर त्यांना औषधाची गरज नसते. दुखत असताना सोसत राहणं म्हणजे संसार, हे मला तरी पटत नाही. जबरदस्ती होत असेल तर 181 या महिला हेल्पलाइनला फोन करा.

आगीवर उपाय म्हणून साबण, डेटॉल, लिंबू आत लावू नका, जास्तच चिडतं. बाहेरून साध्या पाण्याने धुवा, कोरडं ठेवा. चड्डी सुती आणि सैल हवी. ती साडीखाली लपवून वाळवतो ना आपण? उन्हात टाका, कोण काय म्हणतंय!

घाण वास, पिवळं-हिरवं पाणी, ओटीपोटात दुखणं, ताप किंवा फोड असतील तर आजार वेगळा असू शकतो. तेव्हा घरी बसू नका, आशाताईंना सांगून आरोग्य केंद्रात तपासून घ्या. आणि वर्षात तीन-चार वेळा हीच खाज परत आली, तर रक्तातली साखरही बघायला सांगा.