कमी राज्य करणारा राजा

चीनमधील हुबेई प्रांतात ग्वोत्येन येथे 1993 साली एका थडग्यात बांबूच्या पट्ट्या सापडल्या. इ.स.पू. 300 च्या सुमाराच्या या पट्ट्यांवर ‘ताओ ते चिंग’चा उपलब्ध असलेला सर्वांत जुना मजकूर आहे. प्रचलित ग्रंथ जिथे ऋषित्व आणि कन्फ्यूशियसपंथीयांची सदाचाराची भाषा टाकून द्यायला सांगतो, तिथे या पट्ट्या चलाखी, शब्दच्छल अशा गोष्टी सोडायला सांगतात. म्हणजे ताओ आणि कन्फ्यूशियस या दोन्ही पंथांतलं वैर बहुधा नंतर धारदार झालं.

चीनमधली सात राज्यं एकमेकांना गिळायला टपलेली असताना लाओ त्सेच्या नावावरचा हा ग्रंथ राजाला कर, युद्ध आणि कायदे कमी करायला सांगतो. त्याचा ऋषी राज्य करतो, पण प्रजेला त्याचा काच जाणवत नाही. मात्र प्रजेला फार जाणतं करू नये, असंही तोच सांगतो. हे मला आजही खटकतं.

ताओ पंथाचाच विचारवंत च्वांग त्से आणखी पुढे जातो. छू राज्याच्या राजाने पाठवलेले दूत कारभार स्वीकारण्याची विनंती घेऊन येतात, तेव्हा तो पू नदीवर गळ टाकून बसलेला असतो. देवघरात पुजलं जाणारं मेलेलं कासव होण्यापेक्षा चिखलात जिवंत राहिलेलं बरं, असं सांगून तो त्यांना परत पाठवतो. सत्तेला दिलेला इतका स्वच्छ नकार मला दुसरीकडे क्वचितच दिसतो.

कठोर कायद्याचा पुरस्कर्ता हान फेई याने तर लाओ त्सेवर भाष्य लिहून त्याची स्तब्धता हुकूमशाहीच्या कामाला लावली: राजाने आवडनिवड लपवावी, म्हणजे मंत्री बिचकून राहतील. इ.स.पू. 233 मध्ये तो छिन राज्याच्या तुरुंगात मेला.

छिन साम्राज्य कोसळल्यावर हान दरबाराने लाओ त्सेचा कमी राज्य करण्याचा विचार कारभारात उतरवला. इ.स.पू. 193 मध्ये प्रधान झालेल्या त्साओ शेनने आधीचे कायदे तसेच चालू ठेवले. वेन सम्राटाच्या काळात जमीनमहसूल उत्पन्नाच्या तिसाव्या हिश्श्यावर आला आणि 167 मध्ये अवयव कापण्याच्या शिक्षा बंद झाल्या. त्यांच्याऐवजी आलेल्या फटक्यांनीही माणसं मरत, म्हणून पुढच्या चिंग सम्राटाला फटके कमी करावे लागले.

हान घराण्यातल्या ल्यू आन या मांडलिक राजाने इ.स.पू. 139 मध्ये ‘ह्वाय नान त्सू’ हा ग्रंथ वू सम्राटाला अर्पण केला, पण वारं फिरलं होतं. तीनच वर्षांत दरबारात कन्फ्यूशियन पंचग्रंथांचे अध्यापक नेमले गेले. 122 मध्ये बंडाचा आरोप आल्यावर ल्यू आनने जीव दिला. च्वांग त्सेचा नकार मला मोहवतो. तरीही शेतकऱ्याच्या घरात धान्य राहिलं ते वेन सम्राटाच्या महसूलकपातीमुळे, म्हणून माझा कौल त्याच्याच बाजूने आहे.